पक्षी टिपण्याची परवानगी

टिपणीसांनी दिवाणखान्याच्या भिंतीत खिळा ठोकला, तेव्हा त्या खिळ्यावर टांगायला त्यांच्याकडे काहीही नव्हतं. इतर माणसं आधी चित्र आणतात आणि मग खिळा ठोकतात. पण टिपणीस हाडाचे कचेरीवाले. कचेरीत आधी फाइल उघडायची असते. आत घालायचे कागद यथावकाश जमतात.

टिपणीस हे त्यांचं आडनाव नव्हे बरं का. खरं आडनाव साधंसंच होतं, ते पगारपत्रकाबाहेर फारसं पडत नसे. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत एकतीस वर्षं टिपण्या लिहून लिहून माणूसच टिपणीस झाला होता. एकदा एका फुटक्या नळावर त्यांनी चौदा पानांची टिपणी लिहिली. ती वरिष्ठांपर्यंत पोचेतो नळ शरमेनं आपोआप बंद झाला, असं सांगतात. खोटं नसावं, कारण स्वतः टिपणीसच सांगतात. एकतीस वर्षांत त्यांचा एकही मसुदा वरून परत आला नव्हता. लोक छातीवर पदकं लावतात. टिपणीस ही गोष्ट चेहऱ्यावर लावून हिंडत.

खिळ्याचं मूळ साडूच्या घरी होतं. साडूचं फरश्यांचं दुकान, बोलणंही तसंच गुळगुळीत आणि पाय घसरणारं. त्याच्याकडे सगळे जेवायला गेले असताना त्यानं भिंतीवरच्या फोटोवरून पडदा बाजूला केला. पडदा! घरातल्या खिडक्यांना नव्हता, फोटोला होता. फोटोत फांदीवर एक निळाभोर पक्षी, बाजूला एक भोक पडलेलं पान आणि वरच्या कोपऱ्यात काहीतरी गोल चमकणारं.

"चार तास चिखलात पालथा पडून होतो, साडूभाऊ," साडू म्हणाला. "तेव्हा कुठे हा मिळाला. आणि ते कोपऱ्यात चमकतंय ना, तो दवाचा थेंब. तो मिळायला मात्र नशीब लागतं."

टिपणीस काहीतरी कुजकं बोलणार, तेवढ्यात त्यांची बायको फोटोसमोर जाऊन उभी राहिली, मान तिरकी करून बघत राहिली आणि म्हणाली, "किती सुंदर!"

झालं. सत्तावीस वर्षांच्या संसारात हे दोन शब्द टिपणीसांच्या वाट्याला एकदाही आले नव्हते. बढती मिळाली तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "बरं झालं." त्यांनी स्वहस्ते स्वयंपाकघरात फळी बसवली तेव्हा म्हणाल्या होत्या, "वाकडी आहे." आणि ह्या फरशीवाल्याच्या पाखराला "किती सुंदर"! त्या दिवशी टिपणीसांना जेवण गेलं नाही. म्हणजे गेलं, पण कशाचीही चव लागली नाही, म्हणून दोनदा वाढून घ्यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी सात वाजता त्यांनी खिळा ठोकला. पहिल्या ठोक्याला घड्याळ पडलं, दुसऱ्याला पोपडा पडला आणि तिसऱ्याला खालच्या मजल्यावरचे दंतवैद्य वर आले.

"इकडे एक पक्षी लागणार आहे," टिपणीस खिळ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "मी स्वतः टिपलेला. डोंगरावर दोन दिवस मुक्काम करून."

दिवाणखान्यात बोललेलं वाक्य त्या इमारतीत जिन्यानं खाली जात नसे, भिंतीतून जाई. दुपारपर्यंत निम्मी इमारत सल्ला घेऊन हजर होती. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरीणबाई म्हणाल्या, "अस्वल आलं की मेल्याचं सोंग घ्यायचं, विसरू नका."

"ह्यांना वेगळं सोंग घ्यावं लागत नाही," बाई आतून म्हणाल्या. "रविवारी दुपारी येऊन बघा कधीही."

दंतवैद्यांनी आपला तंबू देऊ केला. पिशवीत घडी घातलेला, गोल, मोठ्या ताटाएवढा. "नुसता हवेत फेकायचा," ते म्हणाले. "दोन सेकंदांत उभा राहतो."

दंतवैद्य एका शब्दानंही खोटं बोलले नव्हते. टिपणीसांनी तो दिवाणखान्यात नुसता पिशवीबाहेर काढला आणि दोन सेकंदांत तंबूनं सोफा, टेबल आणि खुद्द टिपणीस एवढा मुलूख काबीज केला. तो मिटायचा कसा, हे मात्र दंतवैद्यांच्याही लक्षात नव्हतं. "अक्कलदाढ काढतो तसं जरा डावीकडे पिरगाळा," एवढंच ते म्हणाले आणि दवाखान्यात निघून गेले. टिपणीसांनी डावीकडे पिरगाळला, उजवीकडे पिरगाळला, वर बसूनही पाहिलं. तंबू दाबला की दुसरीकडून उठायचा. शेवटी घरानंच तंबूशी जुळवून घेतलं. पुढचे बारा दिवस टिपणीस कुटुंबानं तंबूत चहा घेतला, तंबूत पेपर वाचला, आणि दूधवाला दारातून आत डोकावून विचारू लागला, "घराचं काम काढलंय का, साहेब?"

कॅमेरा मुलीचा होता. नोकरीसाठी दूर जाताना ती तो कपाटात ठेवून गेली होती, फूटभर लांबीच्या लेन्ससकट. फोनवर ती म्हणाली, "बाबा, 'ऑटो'वर ठेवा आणि दुसऱ्या कशालाही हात लावू नका." मुलींना शिकवून मोठं करावं ते हे ऐकायला.

आता उरली परवानगी. डोंगर वनखात्याचा, म्हणून मुक्कामाला अर्ज करावा लागे. इथे मात्र टिपणीसांच्या अंगात बळ आलं. तंबू, भिंग, अस्वलं ही परकी प्रजा; पण अर्ज म्हणजे माहेरचं अंगण. त्यांनी दोन रात्री खपून मसुदा केला आणि बाईंना वाचून दाखवला.

"विषय: डोंगरावर दोन दिवस मुक्काम करून पक्षी टिपण्याची परवानगी मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून, सोबत तीन पायांचे स्टँड व त्यावर बसवावयाची फूटभर लांब नळी असून, टिपलेला एक पक्षी दिवाणखान्याच्या भिंतीवर लावण्याचा मानस आहे. खिळा ठोकून तयार आहे."

"फोटो काढायला जातोय, असं सरळ लिहा ना," बाई म्हणाल्या.

"फोटो काढायला!" टिपणीस कळवळले. "अगं, ही काय अर्जाची भाषा झाली? टिपणे! शब्दाला काही वजन आहे की नाही?"

शब्दाला वजन होतं. चार दिवसांनी त्या वजनाखाली टिपणीस स्वतःच सापडले. अर्ज परत आला. समासात लाल शाईनं शेरा होता: "अर्जदार नळीच्या बंदुकीने पक्षी मारून भिंतीवर लावू इच्छितो. नामंजूर. खिळा काढून घ्यावा."

टिपणीस त्या शेऱ्याकडे किती वेळ बघत होते, हे बाईंनी मोजलं नाही. पण तेवढ्यात दोन वेळा चहा गार झाला. नामंजुरीचं त्यांना काही वाटलं नव्हतं. मसुदा परत आला होता! एकतीस वर्षांची अखंड परंपरा, आणि ती खंडित केली कुणी, तर झाडं मोजणाऱ्या खात्यानं.

दुसऱ्या दिवशी ते रजा टाकून वनखात्याच्या कचेरीत गेले. समोर जो कारकून बसला होता, त्याला पाहून त्यांना आरशासमोर आल्यासारखं झालं. तसाच कपाळावर सरकवलेला चष्मा, तशीच कानामागे पेन्सिल, तसाच समोरच्या माणसाकडे न बघता कागदाशी बोलण्याचा रिवाज.

"मी शिकारी दिसतो का तुम्हाला?" टिपणीसांनी विचारलं.

"आम्ही माणूस बघत नाही, अर्ज बघतो," कारकून अर्जाला म्हणाला. "शिकारी काय करतो? सावज टिपतो. तुम्ही काय लिहिलंय? टिपण्याची. वर नळी. वर भिंतीवर लावणार. आता मी काय समजायचं?"

"बरं. 'छायाचित्रे घेण्यासाठी' असं करू."

"घेण्यासाठी बाजारात जायचं. आम्ही विकत नाही."

टिपणीसांनी डोळे मिटले आणि बायकोचा शब्द, कडू औषध गिळावं तसा, बाहेर काढला. "फोटो काढण्यासाठी."

कारकुनानं पहिल्यांदाच वर पाहिलं. "ते तर मुळीच जमायचं नाही. वर आमचे फलक आहेत, पक्ष्यांच्या फोटोंचे. दोन वर्षांमागं एक गृहस्थ आले, फोटो काढतो म्हणाले. आम्ही दिली परवानगी. तर त्यांनी पक्ष्याचा फलकच खांबावरून काढला आणि दिवसभर उन्हात नेऊन ठेवला. म्हणे, उजेड बरा पडतो. तेव्हापासून काढणं बंद."

तीन फेऱ्या झाल्या. चौथ्या फेरीला कारकून नरम आला, कारण त्याचा चहा आला होता. पण एक अडचण उरली: विषय. नोंदवहीत विषय एकदा चढला की बदलत नाही. हे टिपणीसांना कुणी समजावून सांगायला नको होतं. हाच नियम सांगून त्यांनी स्वतः कितीतरी लोकांना उन्हातून परत पाठवलं होतं. तेव्हा विषय तोच ठेवून परवानगी अशी निघाली: "पक्षी टिपण्याबाबतच्या अर्जावरून, पक्षी टिपण्यास सक्त मनाई करून, दोन दिवस मुक्काम करण्यास परवानगी देण्यात येत आहे."

म्हणजे डोंगरावर जायचं, राहायचं, थंडीत कुडकुडायचं, आणि ज्यासाठी गेलो ते तेवढं करायचं नाही. टिपणीसांनी आदेश दोनदा वाचला आणि नाइलाजानं मनातल्या मनात दाद दिली. आदेश पक्का होता. त्यांनीही असाच लिहिला असता.

शनिवारी दोघं निघाले. तंबू मिटत नव्हता, म्हणून उभाच गाडीच्या टपावर बांधला. वाटेत वारा लागला की गाडीची पुढची चाकं जमिनीवरून उठत, असं टिपणीस सांगतात. बाई म्हणतात की चारही उठत होती. गावाच्या वेशीवर एका माणसानं हात दाखवून गाडी थांबवली आणि वर जागा आहे का, असं विचारलं.

डोंगराच्या चढावर खात्याचं फाटक होतं आणि फाटकाशी फलक: "आपले पक्षी ओळखा." फलकावर फांदीवर बसलेला एक निळाभोर पक्षी होता. बाजूला भोक पडलेलं पान.

टिपणीसांनी गाडी थांबवली. उतरले. चष्मा पुसला. फलकाच्या चारही कोपऱ्यांत एकेक स्क्रू होता, आणि वरच्या कोपऱ्यातला उन्हात चमकत होता. गोल. दवाच्या थेंबासारखा.

त्या क्षणी टिपणीसांच्या मनात काय झालं ते सांगायला त्यांनाही चौदा पानं लागली असती. पण त्यांनी बायकोला काही सांगितलं नाही. कारण "किती सुंदर" हे शब्द साडूकडून काढून घेणं वेगळं, आणि स्वतःला मिळवणं वेगळं. खिळा अजून रिकामाच होता.

"काय बघताय एवढं?" बाईंनी गाडीतून विचारलं.

"पक्षी ओळखतोय," टिपणीस म्हणाले.

वर पोचल्यावर तंबू उभारायचा प्रश्नच नव्हता. तो बारा दिवसांपूर्वीच उभारलेला होता. फक्त खाली उतरवला. संध्याकाळ आणि रात्र कशी गेली ते विचारू नका. तंबूच्या मागची चेन लागत नव्हती, एवढं सांगितलं की बाकीचं थंडी सांगेल.

पहाटे बाईंनी ट्रंकेतून लोकरीची टोपी काढली. लालभडक, टोकाला लिंबाएवढा गोंडा. त्यांनीच विणलेली. एरवी टिपणीसांनी ती दाराबाहेर घातली नसती, पण कान गळून पडायच्या बेताला आले होते. टोपी घालून ते कॅमेऱ्यामागे जाऊन उभे राहिले आणि हात मागे बांधून नुसते उभेच राहिले.

"अहो, काढा ना फोटो."

"मनाई आहे. लेखी."

"कशाला मनाई आहे?"

"टिपायला."

"मग टिपू नका. फोटो काढा."

टिपणीस वळून बायकोकडे बघत राहिले. हा मुद्दा त्यांना का सुचला नव्हता? आदेशात काढण्याबद्दल एक अक्षरही नव्हतं. ही बाई कचेरीत असती तर आज कुठल्या कुठे असती, असं त्यांना वाटून गेलं. आणि त्यापाठोपाठ, बरं झालं ती कचेरीत नाही, असंही.

मग ते नळीला डोळा लावून बसले. पक्षी आला. तोच, निळाभोर. पण पाठीमागच्या झाडावर. टिपणीस वळले की तो पुढच्या झाडावर जाई, आणि ते पुढे वळले की मागे. बाई चहा ओतता ओतता सांगत होत्या, "मागे... आता उजवीकडे... अहो, वर!" आणि टिपणीस कुजबुजून ओरडत होते, "बोलू नकोस गं, तो बुजतो!" तासाभरात स्टँडनं स्वतःभोवती इतके फेरे घेतले की जमिनीत तीन भोकं पडली.

"हात वर!"

झाडीतून वनरक्षक बाई बाहेर आल्या. खाकी कपडे, गुडघ्यापर्यंत बूट, आणि आवाज असा की दरीनं तो दोनदा परत केला. चौकीवरून त्यांना दुर्बिणीतून तीन पाय आणि एक लांब नळी दिसली होती आणि त्या धावत चढून आल्या होत्या.

टिपणीसांनी हात वर केले. एकतीस वर्षांच्या नोकरीत लेखी हुकमाशिवाय त्यांनी केलेली ही पहिलीच गोष्ट.

"परवाना?"

"वरच्या खिशात आहे. हात वर असल्यामुळे सादर करू शकत नाही."

रक्षक बाईंनीच कागद काढला आणि वाचला. "विषय पक्षी टिपण्याचा, आणि खाली टिपायला मनाई. म्हणजे इरादा होताच की, काका!"

"हे कॅमेऱ्याचं भिंग आहे हो, ताई," टिपणीसांची बायको म्हणाली. "बघा तरी."

"बघेन ना. आधी पंचनाम्याचा फोटो. नियम आहे. मुद्देमालासह उभे राहा. हात खाली नाही, काका, वरच!"

रक्षक बाईंनी खात्याचा कॅमेरा उचलला. आणि नेमकं तेव्हाच, दोन हात वर करून निमूट उभं असलेलं टिपणीस नावाचं झाड पाहून, तो निळा पक्षी खाली आला आणि टोपीवर बसला. त्याला लालभडक गोंडा दिसला होता. फळच वाटलं असणार. त्यानं मान तिरकी केली आणि चोच मारली.

"हलू नका," रक्षक बाई म्हणाल्या, आता अगदी हळू.

टिपणीस हलले नाहीत. ते श्वासही घेत नव्हते. मागे चहाचं भांडं हातात धरून त्यांची बायको इतकी हसत होती की चहा कपाऐवजी गवताला मिळत होता. कॅमेरा वाजला.

पुढच्या आठवड्यात टिपणीसांनी वनखात्याकडे आणखी एक अर्ज केला: पंचनाम्यातील छायाचित्राची प्रमाणित प्रत मिळणेबाबत. कारकून त्याच खुर्चीत होता.

"संशयितानं स्वतःचाच फोटो मागितल्याचा हा पहिला प्रसंग," तो म्हणाला. ह्या खेपेला कागदाला नव्हे, टिपणीसांना. मग त्यानं फाइल पुढे सरकवली. "वाचा. आमच्या रक्षक बाईंचा अहवाल."

अहवालात लिहिलं होतं: "संशयिताने पक्षी टिपल्याचे आढळून आले नाही. उलट पक्ष्यानेच संशयिताच्या टोपीचा गोंडा टिपला. टिपण्याची क्रिया सर्वस्वी पक्ष्याची असल्याने संशयितावर कारवाईची आवश्यकता नाही."

"पक्षी टिपण्याची परवानगी," कारकून हळूच म्हणाला. "पक्षी दाणे टिपतो, तशी. आम्ही उगाच उलटं वाचलं. विषय बरोबर होता तुमचा."

"म्हणजे मसुदा..."

"निर्दोष." कारकुनानं पहिल्या अर्जावरच्या लाल शेऱ्यावर आडवी रेघ मारली आणि खाली सही केली.

टिपणीस कचेरीबाहेर आले तेव्हा त्यांची उंची दोन इंचांनी वाढली होती. पटत नसेल तर दारवानाला विचारा. चौकटीला डोकं आपटलं ते त्यानं पाहिलंय.

रविवारी फोटो खिळ्यावर चढला. त्यात टोपी होती, टोपीवर निळा पक्षी होता, खाली हात वर केलेले टिपणीस होते, मागे तंबू होता आणि आकाशाच्या कोपऱ्यात वनखात्याचा गोल शिक्का होता. साडू आला. त्यानं फोटो जवळून पाहिला, लांबून पाहिला.

"पक्षी छान आलाय," तो म्हणाला. "पण हा शिक्का... फोटोची पार शोभा घालवली हो त्यानं."

आता बोलावं की नाही, ह्याचा टिपणीस विचार करत होते. पण त्यांना विचार करायला वेळ लागतो.

"असू द्या," बाई म्हणाल्या. "शिक्का शिक्क्यासारखा दिसतो. तुमच्या दवाच्या थेंबाला स्क्रूसारखी खाच आहे ना, भावजी, तशी नाही ह्याला."

साडू चहा न घेता गेला.

टिपणीस बायकोकडे वळले. "तुला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी दिसलं."

"मग तेव्हा 'किती सुंदर' कशाला म्हणालीस?"

"फ्रेमला म्हणाले. छान होती फ्रेम."

रजा, चार फेऱ्या, तंबू, गळायला आलेले कान, दरीकाठी वर केलेले हात: सगळं टिपणीसांच्या डोळ्यांपुढून गेलं. बाई मात्र खिळ्यापाशी उभ्या होत्या. त्यांनी फोटो जरासा सरळ केला, मान तिरकी केली, आणि बराच वेळ बघून हसत म्हणाल्या, "किती सुंदर!"

टिपणीस सावध झाले. पोळलेला माणूस विचारून घेतो. "फ्रेम ना?"

"नाही. पक्षी."

"कुठला? टोपीवरचा, की टोपीखालचा?"

बाई स्वयंपाकघरात गेल्या आणि त्या वाकड्या फळीवरून चहाचा डबा काढू लागल्या. आतून बराच वेळ हसण्याचा आवाज येत होता.